आधी माग, मग घर

मागील अंकाच्या मधल्या पानांवर इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर परगण्यातल्या हेप्टनस्टॉल या डोंगरमाथ्यावरील गावाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. त्यांतील बहुतेक घरे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांच्या दरम्यान, लोकर कातणाऱ्या आणि विणणाऱ्या कुटुंबांसाठी दगडात बांधलेली आहेत. या छायाचित्रांवर वाचकांची बरीच पत्रे आली. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात माझी पंचवीस वर्षे गेली असल्यामुळे आणि या खोऱ्यात दोनदा पायी हिंडण्याची संधी मला मिळाल्यामुळे संपादकांनी ती पत्रे माझ्याकडे सोपवली आहेत. विषय एकच असल्याने या वेळचे सदर त्यालाच वाहिलेले आहे.

प्रश्न : छायाचित्रातील घराच्या तळमजल्याला एखाद-दुसरी साधी खिडकी आहे, पण वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांची सलग ओळ आहे आणि दोन खिडक्यांमध्ये जेमतेम वीतभर रुंदीचा दगडी खांब आहे. ही रचना केवळ शोभेसाठी केलेली असावी का? — वास्तुकलेची विद्यार्थिनी, पुणे

नाही, शोभेचा तिच्याशी संबंध नाही. वरचा मजला हे त्या घराचे कामाचे दालन होते. तिथे माग बसवलेला असे आणि ताण्याचा, म्हणजे मागावर लांबीत ताणून बसवलेल्या सुतांपैकी, एक धागा तुटला तर तो शोधून गाठ मारण्यासाठी विणकराला भरपूर, सारखा पसरलेला उजेड लागे. उत्तर इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते आणि वर्षाचे कित्येक महिने आभाळ राखाडी असते. मेणबत्ती महाग, शिवाय लोकरीच्या कामाजवळ उघडी ज्योत धोक्याची. दिवस जेवढा खिडकीतून आत येईल तेवढेच कामाचे तास, असा तो सरळ हिशेब होता. म्हणून खिडक्या शक्य तिथे दक्षिणेकडे तोंड करून आणि शक्य तेवढ्या लांब केलेल्या दिसतात. अनेक घरांत समोरच्या आणि मागच्या अशा दोन्ही भिंतींना त्या असतात.

आता वीतभर खांबांविषयी. आपण वास्तुकलेच्या विद्यार्थिनी आहात म्हणून थोडे सविस्तर सांगतो. या डोंगरांत मिळणारा दगड हा भरड कणांचा वालुकाश्म आहे. पूर्वी त्याची जाती घडवत, म्हणून त्याचे नावच ‘मिलस्टोन ग्रिट’, म्हणजे जात्याचा भरड दगड, असे पडले. कोणताही दगड वरून येणारा भार उत्तम पेलतो, पण आडवा टाकला आणि मध्ये आधार दिला नाही तर खालच्या बाजूने ताणला जाऊन तडकतो. आपल्या वाड्यांत ही अडचण लाकडी तुळई टाकून सोडवली जाते. तिथल्या उघड्या डोंगरांवर मोठे लाकूड दुर्मीळ आणि दगड मात्र दाराशीच. अशा वेळी दहा-बारा फूट रुंद खिडकी हवी असेल तर वरची दगडी पट्टी दर दीड-दोन फुटांवर उचलून धरणे भाग होते, आणि ते काम हे बारीक खांब करतात. चार, सहा, आठ किंवा त्याहूनही अधिक कप्पे एका ओळीत आलेले दिसतात ते यामुळे. उजेड कमीत कमी अडावा म्हणून खांब शक्य तितके सडपातळ ठेवायचे आणि पट्टी तुटू नये म्हणून ते जवळजवळ उभे करायचे, या दोन गरजांची तडजोड म्हणजे ती माळ.

एक बारकावा प्रत्यक्ष पाहिला तरच लक्षात येतो. सतराव्या शतकातील घरांत या खांबांच्या कडा तिरप्या छाटलेल्या असतात आणि खिडकीच्या डोक्यावर पावसाचे पाणी बाजूला टाकणारी, पुढे आलेली दगडी पन्हाळपट्टी असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खांब सरळ चौकोनी होतात आणि पट्टी बहुधा नाहीशी होते. मागणी वाढली, घरे भराभर आणि ओळीने बांधली जाऊ लागली, तेव्हा पाथरवटाने छिन्नीचे तेवढे काम वाचवले. हेप्टनस्टॉलच्या एका बोळात मी अशा एका खांबावरून बोट फिरवून पाहिले, तेव्हा छिन्नीचे तिरपे समांतर घाव अजून बोटाला लागत होते. बाहेरची बाजू मात्र गिरण्यांच्या धुराने इतकी काळी झाली होती की क्षणभर मला आपल्या काळ्या पाषाणाचीच आठवण झाली. मूळ दगड मधासारख्या रंगाचा आहे, हे एका ताज्या तुटलेल्या कोपऱ्यावरून कळले.

प्रश्न : इंग्लंडमध्ये एके काळी खिडक्यांवर कर होता असे वाचले आहे. मग इतक्या खिडक्या ठेवणे या लोकांना परवडत कसे असे? — मुंबई

कर होता हे खरे आहे; तो 1696 पासून 1851 पर्यंत चालू राहिला. मात्र मोजणीच्या नियमानुसार बारा इंच किंवा त्याहून रुंद भागाने विभागलेली तावदाने स्वतंत्र खिडक्या धरली जात. वर उल्लेखलेले खांब त्याहून बरेच अरुंद असल्याने त्यांच्यामुळे खिडक्यांची संख्या वाढत नसे. पण म्हणून हे खांब कर चुकवण्यासाठीच सडपातळ केले, असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नये. अशा खिडक्या करापूर्वीपासून बांधल्या जात होत्या.

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्या पैठणी विणली जाते. आमचा खड्डामाग तळघरात नसला तरी जमिनीतच असतो; पायांनी दाबायच्या पावड्या खड्ड्यात आणि विणणारा जमिनीच्या पातळीवर बसलेला. माग माडीवर चढवायचा ही कल्पनाच आम्हांला विचित्र वाटते. इतका जड सांगाडा वर नेण्याचे कारण काय? — येवला

आपला प्रश्न वाचून मला फार समाधान वाटले, कारण या विषयाची खरी किल्ली त्यातच आहे. माग कुठे बसवायचा हे धागा ठरवतो.

यॉर्कशायरच्या या खोऱ्यांत लोकर विणली जाई. लोकरीचा धागा ताणला तर लांबतो आणि सोडला की पूर्ववत होतो, त्यामुळे कोरड्या हवेत तो सुताइतका कटकन तुटत नाही. जमिनीच्या ओलाव्याची त्याला तितकी गरज नसल्याने माग वर, उजेडात नेणे शक्य झाले. खालचा मजला चुलीसाठी, स्वयंपाकासाठी, निजण्यासाठी आणि पिंजण-कताईसाठी मोकळा राहिला. एका विणकराला पुरेल इतके सूत कातायला अनेक हात लागत. घरातली बायकामुले आणि पुष्कळदा शेजारपाजारही त्या कामात असे.

याच डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर, लँकेशायरमध्ये, जिथे कापूस विणला जाई, तिथली घरे पाहिली तर चित्र अगदी उलटे दिसते. तिथे माग तळघरात किंवा अर्धवट जमिनीत गेलेल्या खोलीत असे, जमीन मुद्दाम मातीचीच ठेवलेली असे आणि खिडक्यांची ओळ रस्त्याच्या पातळीला लागून असे. त्या घरांत राहत्या खोलीकडे जायला दारापुढे चार-सहा पायऱ्या चढाव्या लागतात, त्याचे कारण खाली माग आहे हे होय. सुती ताण्याला पिठाची खळ दिलेली असते. हवा कोरडी झाली की ती खळ कडक होते, तिचे कण झडतात आणि धागा फणीत घासून तुटतो. ओल्या मातीवर बसवलेल्या मागाचा ताणा मऊ राहतो. उन्हाळ्यात खड्ड्याभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडण्याची किंवा ओले पोते ठेवण्याची पद्धत आपण घरी पाहिली असेल. तिच्यामागचा विचार हाच आहे.

अगदी जवळून पाहता येईल असे एक उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. ग्लासगोच्या पश्चिमेला किलबारखन नावाचे गाव आहे. 1830 च्या दशकात त्या एका गावात सुमारे 800 हातमाग चालत. तिथे 1723 साली बांधलेले एक विणकराचे घर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाने जपून ठेवले असून त्याच्या दारावरच्या दगडावर ते साल कोरलेले आहे. माग खालच्या खोलीत, मातीच्या जमिनीवर उभा आहे आणि अजून चालतो. त्या घराचे छप्पर भिंतींच्या भरवशावर नाही, हे विशेष. नैसर्गिक बाक असलेल्या लाकडांच्या जोड्या भिंतीच्या अंगातून वर चढत आढ्याला एकमेकींना भेटतात, जणू दोन हात जोडून नमस्कार केला आहे, आणि छपराचा भार त्या पेलतात. आपल्याकडच्या कैचीत आणि या रचनेत फरक असा की कैची भिंतीच्या माथ्यावर बसते, तर ही लाकडे भिंतीच्या आत खालपासून निघतात.

रेशमाचे उदाहरण तर आपल्याच व्यवसायाचे आहे. इंग्लंडमध्ये मॅकल्सफील्डला आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशीम विणणारे कारागीर घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, छपराखाली बसत आणि तिथे रुंद खिडक्या ठेवत. बारीक धागा आणि रंगांची पारख यांसाठी उजेड त्यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. येवल्यात रेशीम असूनही माग जमिनीत राहिला. आपल्या हवेचा कोरडेपणा आणि उन्हाचा भडकपणा लक्षात घेतला तर तेही तितकेच समजून उमजून केलेले आहे. इथे उजेड मिळवण्यापेक्षा गारवा मिळवणे अवघड असते.

प्रश्न : एका छायाचित्रात वरच्या मजल्यावर भिंतीत चक्क दार आहे, पण त्याला जिना नाही, गॅलरीही नाही. दार उघडून कोणी पाऊल टाकले तर सरळ रस्त्यावर पडेल! दुसऱ्या एका घरात तसलेच दार दगडांनी बुजवलेले दिसते. हा बांधकामातील दोष आहे की पूर्वी तिथे जिना होता? — कोल्हापूर

काही घरांना बाहेरून दगडी जिना असे आणि पुढे तो पाडलेला असू शकतो. पण बहुतेक ठिकाणी ते दार माणसांसाठी नव्हतेच, मालासाठी होते. तिथल्या बोलीत त्याला ‘माल आत घेण्याचे दार’ अशा अर्थाचे नाव आहे. लोकरीची पोती, ताणा गुंडाळलेले जड रूळ आणि विणून झालेले कापडाचे ठाण या साऱ्या वस्तू घराच्या आतील अरुंद, वळणाच्या जिन्यावरून नेणे अशक्य होते. त्या दोरीने वर ओढून घ्यायच्या किंवा खाली थांबलेल्या घोड्याच्या पाठीवर सोडायच्या. मागाचा सांगाडा सुटा करून आत नेता येतो, पण भरलेला रूळ किंवा ओले जड ठाण सुटे करता येत नाही, याचा विचार त्या दारात आहे.

आपण उल्लेखलेले बुजवलेले दार मी थोडा वेळ उभा राहून निरखले आहे. भोवतालच्या भिंतीचे थर सरळ रेषेत चालत येतात आणि त्या चौकटीच्या कडेला अचानक थांबतात; आतला भराव वेगळ्या मापाच्या, घाईने रचलेल्या दगडांचा आहे. उंबऱ्याचा मोठा दगड मात्र तसाच ठेवलेला आहे आणि त्याची पुढची कड मधोमध झिजून गोल झाली आहे. ठाण त्याच कडेवरून खाली सरकवली जात. हातमाग थांबला, दाराचे काम संपले, थंडी आत येऊ लागली, म्हणून ते बुजवले. ज्याला भिंत वाचता येते त्याला त्या घरातला हातमाग बंद पडला, एवढी बातमी तिथेच मिळते.

ठाण घराबाहेर पडल्यावरचा प्रवासही थोडक्यात सांगतो. विणलेली लोकर पाणचक्कीवर कुटून घट्ट करत आणि मग उघड्या मैदानात लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत. डॅनियल डिफो या इंग्रज लेखकाने 1720 च्या दशकात हॅलिफॅक्सजवळचे हे डोंगर पाहिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराशी अशी चौकट आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीवर कापड ताणलेले त्याला दिसले, असे त्याने लिहून ठेवले आहे. विक्रीसाठी हेप्टनस्टॉलमध्ये सोळाव्या शतकातच कापडाचा बाजार भरवण्याची इमारत होती. पुढे 1 जानेवारी 1779 रोजी हॅलिफॅक्समध्ये ‘पीस हॉल’ उघडले: एका विस्तीर्ण चौकाभोवती 315 खोल्या, प्रत्येक खोलीत कापड विकायला बसलेला व्यापारी. ती इमारत आजही उभी आहे आणि हेप्टनस्टॉलला जाणाऱ्याने ती पाहिल्याशिवाय परतू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : एवढ्या पावसात आणि थंडीत ही दगडी घरे तीनशे वर्षे टिकली कशी? आमच्या गावचा दगडी वाडा शंभर वर्षांचाही नाही. दहा वर्षांपूर्वी सर्व सांधे सिमेंटने भरून घेतले, तरी भिंतींना ओल येते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. — नाशिक जिल्हा

आपल्या पत्रातील ‘तरी’ हा शब्द काढून तिथे ‘म्हणून’ लिहावा लागेल, हे मला खेदाने सांगावेसे वाटते. त्याचे कारण समजण्यासाठी आधी तिथल्या भिंतीची रचना पाहू.

ती भिंत साधारण दोन फूट जाडीची असते आणि ती एक भिंत नसून दोन असतात. बाहेरच्या अंगाला नीट थरांत बसवलेले दगड, आतल्या अंगाला साधे दगड आणि मधल्या पोकळीत लहान दगडांचा व चुन्याचा भराव. ठरावीक अंतरावर असा एक लांब दगड टाकलेला असतो की जो दोन्ही अंगांपर्यंत पोहोचतो आणि त्यांना बांधून ठेवतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस या भागातील पाथरवटांनी आणखी एक युक्ती रूढ केली. प्रत्येक थरातील दगड किंचित बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवायचा, म्हणजे सांध्यात शिरलेले पाणी आत न मुरता बाहेरच ओघळते. भिंतीला गाल लावून कडेने पाहिले की हा उतार स्पष्ट दिसतो. समोरून पाहणाऱ्याला तो कळतही नाही.

छप्परही दगडाचेच असते. पातळ पदर सुटणाऱ्या वालुकाश्माच्या फरश्या ओकच्या खुंट्यांनी पट्ट्यांवर अडकवतात. वळचणीला सर्वांत मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. या फरश्या इतक्या जड असतात की उतार तीव्र ठेवला तर खुंट्यांवरचा ताण वाढतो, म्हणून छपराचा कोन सुमारे तीस अंशांचाच असतो. तिथली घरे डोंगराला अंग टेकून बसल्यासारखी वाटतात, त्यात या सपाट छपरांचा वाटा मोठा आहे.

आता आपल्या वाड्याकडे वळतो. दगडी भिंतीत पाणी शिरणारच. ते बाहेर पडण्याची वाट मोकळी असणे महत्त्वाचे. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून भिंतीतील ओल सांध्यावाटे हवेत निघून जाते आणि झीज झाली तर सांध्याची होते, दगडाची होत नाही. काही दशकांनी सांधे पुन्हा भरले की भिंत पूर्ववत. सिमेंटचा सांधा कठीण आणि बंद असतो. ओल मग दगडाच्या तोंडातून बाहेर पडू पाहते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. यॉर्कशायरमध्येही विसाव्या शतकात हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली आणि आजही तिथले कारागीर गुडघे टेकून छिन्नीने सिमेंटचे सांधे खरवडताना दिसतात. आपण एका भिंतीपासून आरंभ करावा. यंत्राने कापू नये, दगडाच्या कडा दुखावतात. पावसाळा संपल्यावर हाताने सिमेंट काढावे, भिंतीला एक उन्हाळा वाळू द्यावे आणि मग मुरवलेल्या चुन्याने सांधे भरावेत. छपराचे पन्हळ आणि जोत्याजवळची माती आधी तपासावी, कारण पाणी तिथून येत असेल तर वरचे सगळे श्रम वाया जातील.

भिंतीतील त्या लांब आरपार दगडाविषयी एक गोष्ट मला मनापासून लिहावीशी वाटते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा जाड दगड-मातीच्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांपासून सुटून फुगले आणि कोसळले. वर माळवदाचा मातीचा भार होता. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या भिंतींची जाडी कमी नव्हती. दोन अंगांना सांधणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता, आणि पुढे दुरुस्तीसाठी दिलेल्या सूचनांत आरपार दगडावर भर देण्यात आला तो यासाठीच. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी भिंत दाखवताना आधी हा दगड शोधायला लावतो.

प्रश्न : आम्ही इंग्लंडच्या सहलीत बायबरी गावातील ‘आर्लिंग्टन रो’ ही प्रसिद्ध विणकरांची घरे पाहिली. तिथे मात्र आपण दाखवलेल्या लांब खिडक्या कुठेही नव्हत्या. उलट खिडक्या अगदी लहान आणि छप्पर फार उतरते होते. मग ती विणकरांची घरे नव्हेत का? — डोंबिवली

आपले निरीक्षण अचूक आहे. ती विणकरांचीच घरे आहेत, पण विणकरांसाठी बांधलेली नाहीत. तो लांबट इमला 1380 च्या सुमारास मठाच्या मालकीचे लोकरीचे कोठार म्हणून उभा राहिला आणि सतराव्या शतकात त्याच्या आत भिंती घालून विणकरांच्या बिऱ्हाडांची ओळ केली गेली. कोठाराला उजेड नको असतो, कोरडेपणा हवा असतो. खिडक्या लहान राहिल्या त्या इमल्याच्या या मूळ उपयोगामुळे. समोर नदीकाठी जो दलदलीचा हिरवा तुकडा आपण पाहिला असेल, त्याला ‘रॅक आयल’ म्हणतात, कारण लोकर वाळवण्याच्या चौकटी तिथे उभ्या असत. पोस्टकार्डावर ती घरे फार गोड दिसतात आणि त्यांचे जतन उत्तम झाले आहे. तरीही विणकामाने घडवलेले घर पाहायचे असेल तर मी पाहुण्यांना बायबरीऐवजी हडर्सफील्डजवळच्या गोलकर गावी पाठवतो. तिथे 1840 च्या दशकातील विणकरांच्या घरांत कोल्न व्हॅली संग्रहालय आहे, ते स्वयंसेवक चालवतात, आणि वरच्या दालनात मागाजवळ उभे राहून खिडकीबाहेर पाहता येते.

प्रश्न : ‘कॉटेज’ म्हटले की गरिबाची झोपडी डोळ्यांपुढे येते, पण ही घरे चांगली भक्कम दिसतात. हे विणकर श्रीमंत होते का? आणि यंत्रमाग आल्यावर त्यांचे काय झाले? — ठाणे

दोन्ही प्रकारचे लोक होते. सतराव्या शतकात मोठी घरे बांधणारे लोक स्वतः लोकर विकत घेऊन, कातून-विणून घेऊन कापड विकणारे छोटे उद्योजक असत. त्यांची थोडी शेती आणि दोन-चार गुरेही असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओळीने बांधलेल्या लहान घरांतले विणकर बहुधा मजुरीवर विणणारे होते. दाराशी पिंपात कुटुंबाचे मूत्र साठवून त्याने लोकरीतील चिकटपणा धुण्याची पद्धत होती, यावरून राहणीची कल्पना येईल.

यंत्रांचा क्रम आपण शाळेत शिकलो आहोत : जॉन केचा धावता धोटा 1733 मध्ये, कार्टराइटचा यंत्रमाग 1785 मध्ये. या दोहोंचा घरांवर झालेला परिणाम मात्र परस्परविरुद्ध आहे. धावत्या धोट्यामुळे रुंद पन्ह्याचे कापड दोन माणसांऐवजी एकट्याला विणता येऊ लागले. पुढे यंत्रावर सूत स्वस्त आणि मुबलक मिळू लागले, विणकरांना काम वाढले आणि त्याच काळात सर्वांत जास्त लांब खिडक्यांची घरे बांधली गेली. यंत्रमागाने ती घरे रिकामी केली, पण एकदम नाही. सुती विणकरांची मजुरी 1830 च्या सुमारास पार कोसळली होती, तर हडर्सफील्डच्या बाजूला नक्षीदार लोकरी कापडाचे हातमाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालत होते. गोलकरची घरे कार्टराइटनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने मागासाठी खिडक्या ठेवून बांधली गेली, हे त्या अर्थाने फार बोलके आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांचे मागाचे घर या दिवाळीनंतर पाडायचे ठरले आहे. भावंडांचा निर्णय झाला आहे, तो मी बदलू शकत नाही. आपले लेखन वाचून वाटते की पाडण्यापूर्वी काहीतरी नोंदवून ठेवावे. काय आणि कसे नोंदवू? — इचलकरंजी

आपण पत्र लिहिलेत, यासाठी आभारी आहे. दिवाळीपर्यंत पुरेसा वेळ आहे आणि यासाठी तज्ज्ञ लागत नाही. फीत, वही, दोरी आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे.

प्रथम जमिनीचा आराखडा काढा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी तर घ्याच, शिवाय समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधील तिरपे अंतरही घ्या, नाहीतर कागदावर खोली काटकोनात येणार नाही. उत्तर दिशा नोंदवा. खिडकीची उंची जमिनीपासून मोजा आणि मागावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासूनही मोजा. दुसरे माप कोणत्याही नकाशात सापडत नाही आणि त्यावरूनच खिडकी कोणासाठी होती ते कळते. छायाचित्रे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच जागेवरून घ्या, म्हणजे उजेड कसा फिरत होता ते राहील. कडीपाटात, तुळयांत आणि भिंतींत ठोकलेले खिळे, आकडे, भोके यांकडे विशेष लक्ष द्या. ती निरर्थक वाटतात, पण ताणा कुठून कुठे जात होता आणि दिवा कुठे टांगलेला असे हे तीच सांगतात. प्रत्येकाला खडूने क्रमांक घालून मग छायाचित्र काढा. जमिनीवरील झीज, भिंतीला पाठ टेकून पडलेला तेलकट डाग, उंबऱ्याची गुळगुळीत झालेली बाजू यांची मापे घ्या.

घरात माग चालवलेले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना त्या खोलीतच बसवून बोलते करा आणि मागाच्या प्रत्येक भागाला घरात जो शब्द होता तोच लिहून घ्या; पुस्तकातला शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. सूत कुठे ठेवत, खळ कुठे शिजवत, पावसाळ्यात ताणा कुठे पसरत, विणलेले कापड कोणत्या दारातून बाहेर जाई, हे विचारा. खड्डामाग असेल तर खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली, त्याच्या कडेला दगड, वीट की नुसती माती आहे, आणि बसणाऱ्याची कड किती झिजली आहे, एवढे तरी पाडकामाच्या पहिल्या दिवसाच्या आत नोंदवून घ्या, कारण मजूर राडारोडा टाकायला सर्वांत आधी खड्डाच वापरतात.